‘प’ला पर्याय

माझं नाव ‘प’ने सुरू होतं. ते इथे लिहायला तशी काहीच अडचण नाही, कागदावर मी कधी अडत नाही. पण नाव सांगायची वेळ आली की काहीतरी करून ती टाळायची, अशी सवय आयुष्यभर लागली आहे आणि ती आता लिहितानाही सुटत नाही.

धरणगावच्या शाळेत मी सातवीपर्यंत ‘हजर’ या एका शब्दावर निभावून नेलं. ‘ह’ला माझी जीभ अडत नाही. ती अडते ‘प’ला, ‘ब’ला आणि ‘क’ला. तेही शब्दाच्या सुरुवातीला असले तरच. ‘प’ आला की ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. मान ताठते, डोळे आपोआप बंद होतात. शब्द तोंडात असतो, त्याचा अर्थ माहीत असतो, आणि समोरचा माणूस माझ्या मिटलेल्या ओठांकडे बघत उभा असतो.

आठवीत आमचे वर्गशिक्षक इंग्रजीचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, या वर्गात ‘हजर’ चालणार नाही, ‘प्रेझेंट सर’ म्हणायचं. माझा नंबर आला. मी उभा राहिलो. ओठ मिटले. सरांनी वर न बघता नंबर पुन्हा पुकारला, मग पुढचा घेतला. मागच्या बाकावरून हसू आलं. मी खाली बसलो तेव्हा हजेरीपटात माझ्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडली होती. पुढचे कित्येक दिवस मी वर्गात बसून गैरहजर होतो.

शेवटी शाळेतून आबांना बोलावणं आलं. माझे वडील, म्हणजे आबा, कापसाच्या बाजारात मापाडी होते. काट्यावर गाठोडं चढलं की ते वजन असं काही पुकारत की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बैलगाड्यांपाशी बसलेल्या माणसालाही ते ऐकू जाई. सगळा बाजार त्यांचा आवाज ओळखायचा. सरांसमोर मात्र ते टोपी हातात धरून हळू बोलले. “पोऱ्या तर रोज येस साहेब शाळेमा.” सर म्हणाले, “मग तोंडानं सांगत का नाही?” आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली, फरशीकडे वळवली. मी अडलो की ते नेहमी असंच करायचे. रागावले नाहीत कधी. फक्त खाली बघायचे, जणू त्यांचंच काहीतरी जमिनीवर पडलं आहे.

उपाय सगळे करून झाले होते. मधातून अक्कलकारा चाटवला होता, त्या मुळीनं जीभ बधिर व्हायची. कोणीतरी सांगितलं म्हणून पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला होता. तो आणायला आई एका ओळखीच्या घरी दोन-तीनदा गेली, कारण त्या पोपटाला पेरूच आवडत नव्हता.

शाळेतून परत आल्यावर त्याच आठवड्यात आबांनी रद्दीच्या दुकानातून एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणली. पुठ्ठा गेलेला, पहिली काही पानं फाटलेली. त्यांना वाटलं होतं की मला इंग्रजी येत नाही म्हणून मी त्या तासाला अडतो. मी त्यांना काही सांगितलं नाही. पण ती डिक्शनरी घेऊन मी माळ्यावर गेलो आणि ‘प्रेझेंट’ काढला. अर्थ: हजर, उपस्थित. मग मी पुढची-मागची पानं चाळत राहिलो, उपस्थितीशी नातं सांगणारा आणि पी, बी, सी, के यांपैकी कशानेच सुरू न होणारा शब्द शोधत. ‘अटेंड’ सापडला. त्याला ‘इंग’ जोडायचं मला शाळेतच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा नंबर पुकारला गेला. मी उभा राहून म्हणालो, “अटेंडिंग, सर.”

सरांनी मान वर केली. “काय म्हणालास?”

“अटेंडिंग, सर.”

“अर्थ काय त्याचा?”

“हजर आहे.”

त्यांनी हजेरीपटावर पेन टेकवलं. वर्गात कोणी हसलं नाही, कारण हसायचं की नाही हे कोणाला कळत नव्हतं. “बस,” म्हणाले आणि त्यांनी हजेरीची खूण केली. त्या वर्षभर मी एकटा ‘अटेंडिंग’ म्हणत राहिलो.

त्या दिवसापासून इंग्रजी शब्द जमवायचं वेड लागलं. मराठीत मला असं काही करता येत नसे. आईकडे पाणी मागायचं तर पाणीच म्हणावं लागे; ‘जल दे’ म्हटलं असतं तर तिनं कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण इंग्रजी आमच्या आळीत कोणाचीच नव्हती. तिथे मी कोणताही शब्द वापरला तरी तो परकाच. ‘बिग’ नको, ‘लार्ज’ घ्यावा. ‘ब्यूटिफुल’ नको, ‘लव्हली’ आहे. ‘बुक’ नको, ‘व्हॉल्यूम’. ‘काइंड’ म्हणजे दयाळू, त्याऐवजी ‘जेंटल’ म्हणजे सौम्य. डिक्शनरीत पीची आणि सीची पानं चांगलीच जाड होती, एवढे शब्द मला बंद. पण त्या पीच्या पानांतच एक दिवस मला ‘न्यूमोनिया’ भेटला. लिहायचा पीने आणि पी म्हणायचाच नाही! तसाच ‘सायकॉलॉजी’, म्हणजे मनाचं शास्त्र. तसाच ‘सुडो’, म्हणजे खोटा, बनावट. मी माळ्यावर बसून ते पुन्हा पुन्हा मोठ्यानं म्हणत होतो. खालून आईनं विचारलं, “काय सापडनं रे तुले?” कोणाला सांगणार, की माझ्या नावातलाही ‘प’ असा मुका असता तर किती बरं झालं असतं.

दहावीनंतर मी जळगावला कॉलेजात आलो आणि आत्याकडे राहू लागलो. आत्या विधवा होती, अंगणवाडीत कामाला जायची. तिचं घर पिंप्राळ्यात. म्हणजे घराचा पत्ताही ‘प’ने सुरू. स्टेशनावरून रिक्षा केली की मी “रेल्वे गेटजवळ” एवढंच सांगायचो आणि तिथे उतरून पुढचं अंतर चालत जायचो. रिक्षावाला विचारायचा, “पुढे जायचं आहे का, सोडतो ना.” मी मान हलवून नाही म्हणायचो. जून महिन्याच्या उन्हात पिशव्या घेऊन चालताना रिक्षातून जाणाऱ्या लोकांकडे मी बघत असे. त्यांना एक शब्द उच्चारल्याबरोबर दारापर्यंत पोचता येत होतं.

आत्या फार मायाळू. तिला माझे हाल बघवत नसत, म्हणून मी अडलो की वाक्य तीच पुरं करायची. एकदा उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. मी “आत्या,” म्हणालो आणि पुढच्या ‘प’ला ओठ मिटले. ती लगेच उठली. “पानी जोयजे ना? लई ऊन शे, बैस तू.” माठातला तांब्या भरून आणला. मला पंखा लावायला सांगायचं होतं, कारण बटण तिच्या हाताशी होतं. मी पाणी प्यालो. तहान नव्हती, तरी सगळं प्यालो, कारण ती समोर उभी राहून समाधानानं बघत होती. असं मी आत्याच्या घरी पुष्कळ पाणी प्यालो.

कॉलेजात माझी निराळीच पंचाईत झाली. मी क्वचित बोलायचो आणि बोललो की इंग्रजीतले आडवळणाचे शब्द यायचे. मुलांना वाटलं, हा शिष्ट आहे. मला ‘डिक्शनरी’ नाव पडलं. मला ते नाव खरं तर चाललं असतं, ‘ड’ला मी अडत नाही.

पर्यायी शब्दांची खरी किंमत कळली ती एका वक्तृत्वाच्या तासाला. सरांनी प्रत्येकाला आपल्या वडिलांविषयी इंग्रजीत चार वाक्यं बोलायला सांगितली. माझं पहिलं वाक्य होतं, माझे वडील गरीब आहेत. ‘पुअर’ म्हणता येणार नव्हतं. उभा राहिल्यावर घाईत जो सापडला तो शब्द घेतला: “माय फादर इज अ नीडी मॅन.” बसल्यावर लक्षात आलं. ‘पुअर’ म्हणजे गरीब. ‘नीडी’ म्हणजे गरजू, ज्याला दुसऱ्यांकडून काही हवं आहे असा. आबांनी उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. कोणाला ते खटकलं नाही, सरांनी “गुड” म्हटलं. मी घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत आलो. एवढे सगळे शब्द जमवले होते, पण त्यातला एकही दुसऱ्या शब्दाच्या जागी नीट बसत नव्हता. ‘इज इट पॉसिबल?’ असं कोणी विचारलं की मी ‘लायकली’ म्हणायचो. होऊ शकेल असं म्हणायचं असायचं आणि बहुतेक होईलच असं सांगून बसायचो. मग लोक वाट बघायचे.

माझं हे गुपित ओळखलं ते एकाच माणसानं. जामनेरकडचा एक मुलगा, स्पर्धा परीक्षांची तयारी करायचा. लायब्ररीत माझ्या समोर बसून शब्द विचारायचा. महिनाभर असं चाललं आणि एक दिवस त्यानं पुस्तक मिटून विचारलं, “एक विचारू? तू पीचा एकही शब्द का बोलत नाहीस?”

मी समोरचं पान उलटलं. तो म्हणाला, “बीचा पण नाही. मी कधीचं बघतोय.”

मला वाटलं आता हा हसेल, किंवा कीव करेल. त्यानं दोन्ही केलं नाही. डिक्शनरी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, “चल, मी पीचा शब्द देतो, तू दुसरा दे. माझी पण तयारी होईल. पेशन्स?”

“एन्ड्युरन्स,” मी म्हणालो.

“चूक. पेशन्स म्हणजे धीर. एन्ड्युरन्स म्हणजे सहनशक्ती. वाट बघणं वेगळं आणि सोसणं वेगळं.”

आम्ही त्यावर बराच वाद घातला. मला आठवतं, त्या दिवशी लायब्ररी बंद होईपर्यंत मी बोलत होतो. अडत होतो तेव्हा तो खिडकीबाहेर बघायचा, सहज, काही झालं नाही असं. एक हिवाळा असा गेला. मग त्याची रेल्वेत निवड झाली आणि तो लांब कुठेतरी मध्य प्रदेशात गेला. दिवाळीला एकदा भेटून गेला, मग नाही. लायब्ररीतली ती जागा मी बदलली नाही. समोर दुसरी मुलं येऊन बसत.

पुढे धुळ्याच्या कोर्टात अनुवादकाची जागा निघाली. साक्षीदारांचे मराठी जबाब इंग्रजीत करायचे, बोलायचं काही नाही. माझ्यासाठीच निघाल्यासारखी ती नोकरी होती. लेखी परीक्षा उत्तम गेली. मुलाखतीला तीन जण बसले होते. “तुमचं नाव?” मधल्यांनी विचारलं.

बाकी सगळ्याला पर्याय शोधून ठेवला होता, नावाला कुठून आणणार? “माय नेम इज” एवढं म्हणून ओठ मिटले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. मी डोळे मिटले, उघडले, पुन्हा प्रयत्न केला. मधल्यांनी समोरचा अर्ज उचलला आणि माझं नाव मोठ्यानं वाचलं. “हेच ना?” मी मान हलवली. ते म्हणाले, “ठीक आहे. लेखी काम चांगलं आहे तुमचं.” नोकरी मिळाली. घरी पेढे वाटले गेले. पण मला राहून राहून वाटत होतं की ती नोकरी अर्जावरच्या नावाला मिळाली, आणि मी नुसता बरोबर गेलो होतो.

धुळ्यात पांझरा नदीच्या बाजूला मी वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. दिवसभर कोर्टाच्या मागच्या खोलीत पीचेच शब्द लिहायचो. पिटिशनर म्हणजे अर्जदार. प्लेंटिफ म्हणजे वादी. पझेशन म्हणजे ताबा. पार्टिशन म्हणजे वाटणी. पॉयझन म्हणजे विष. तिथे पर्याय चालत नसे. साक्षीदार विष म्हणाला तर विषच लिहायचं. लिहिताना हात सरळ चालायचा, आणि पाच वाजता खुर्ची मागे सारली की दिवसभरात कोणाशी एक अख्खं वाक्यही बोललो नाही हे लक्षात यायचं. संध्याकाळी खालून भाजीची हातगाडी जायची. वरून ओरडून मागावी लागे, म्हणून मी वांगी, मेथी आणि दोडके खायचो. बटाटे, पालक, कांदे हातगाडीवर दिसत असायचे. भाजीवाली गंमतीनं म्हणायची, “दादांना वांग्याचं भारी वेड.” रविवार तर पूर्ण कोरा. सकाळी दुधवाल्याला “ठेवा” म्हटलं की दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी नाही.

आणि या खोलीतच मला एक गोष्ट नीट कळली, जी लहानपणी माळ्यावर अर्धवट जाणवली होती. एकटा असलो की मी अडत नाही. अजिबात नाही. दार लावून मी डिक्शनरी उघडायचो आणि पीची पानं सरळ मोठ्यानं वाचत सुटायचो. पेशन्स, पॉवर्टी, प्रॉमिस, प्रेयर. मधूनच माझं नाव घ्यायचो, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. भिंतींना ते स्वच्छ ऐकू जायचं. दार वाजलं की संपलं. माझी जीभ मोकळी व्हायला समोर कोणीही नसावं लागत होतं, आणि कोणी नसताना मोकळ्या जिभेचं करायचं काय?

एका संध्याकाळी मी असाच वाचत होतो. बऱ्याच वेळानं दार वाजलं. उघडलं तर आबा. त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्यात करायचं ठरलं होतं, पण ते दुसऱ्या दिवशी येणार होते. एक दिवस आधीच निघून आले होते. पिशवी पायरीवर टेकवलेली होती, म्हणजे बराच वेळ ते तिथे उभे असणार.

ते आत आले, सगळीकडे बघितलं. “घरमा कोन शे?”

मी मान हलवली.

“मंग बोली कोन रायनं व्हतं?”

“मीच, आबा.”

ते खाटेवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांनी फरशीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत राहिले, त्या एका अंधुक डोळ्यानं आणि एका त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्यानं. “इतलं सपसप?” एवढंच म्हणाले. म्हणजे इतकं सरळ, न अडता.

“वाच ना आखो,” डिक्शनरीकडे बोट करून ते म्हणाले. मी डिक्शनरी घेतली. पहिल्याच शब्दाला ओठ मिटले. आबा उठले, बाहेर गॅलरीत गेले आणि माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसले. “मी आठे नहीच अस समज.” मी प्रयत्न केला. काही शब्द आले, काही आले नाहीत. त्यांची पाठ दिसत होती, सदऱ्याला खांद्यावर उसवलेली शिवण दिसत होती. ते तिथे नाहीत असं मला समजता येईना. पण ते उठले नाहीत आणि मीही पुस्तक मिटलं नाही.

ऑपरेशननंतर ते माझ्याकडेच राहिले, डोळ्याला हिरवी पट्टी बांधून. दिवसभर खाटेवर पडून कंटाळायचे. मी कोर्टातून आलो की त्या संध्याकाळी दाराबाहेर उभं राहून ऐकलेले शब्द विचारायचे.

“ते पझेसन का काय, त्यान्हा अर्थ काय शे?”

“ताबा.”

“अन् पार्टिसन?”

“वाटणी.”

“हे तर बठ्ठं शेतनंच शे,” सगळं शेतीचंच निघालं म्हणून ते हसले. “अन् प्रेयर?”

“मागणं, आबा. अर्जाच्या शेवटी लिहितात, न्यायालयानं हे द्यावं, ते द्यावं.”

“देवकडे नही?”

“देवाजवळही.”

“मंग देवना अर्जबी तुम्हीच इंग्रजीमा करतस का?”

मी हसलो. त्या खोलीत मी मोठ्यानं हसल्याचं तेव्हा पहिल्यांदाच झालं असेल. मधेच मी एखाद्या शब्दावर अडायचो. ते पट्टीखालून वाट बघत पडून राहायचे, काही सुचवायचे नाहीत. एकदा मी घाईघाईनं शब्द बदलायला गेलो तर म्हणाले, “कसाले घाई करस? मी आठेच शे.”

डॉक्टरांनी जायची परवानगी दिली त्या दिवशी मी त्यांना स्टँडवर घेऊन गेलो. चौकशीच्या खिडकीपुढे रांग होती. एरवी कुठेही असं बोलायचं असलं की आबा पुढे व्हायचे, त्यांचा आवाज खिडकीच्या पार आत जायचा. त्या दिवशी ते माझ्या मागे उभे राहिले. मी विचारलं, “धरणगावची गाडी लागली?” आतल्या माणसानं न बघता विचारलं, “अमळनेरवरून की पारोळ्यावरून?”

आम्हाला पारोळ्याची गाडी हवी होती, ती लवकर पोचायची. माझ्या तोंडात ‘एरंडोल’ तयार होतं. पारोळ्याच्या पुढचं गाव, तीच गाडी, काही फरक पडला नसता. असे शब्द मी आयुष्यभर खिशात घेऊन हिंडलो होतो. तरी त्या दिवशी मी ‘प’ला हात घातला. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

ओठ मिटले. मान ताठली. आतला माणूस वर बघू लागला. मागून कोणीतरी म्हणालं, “अरे, बोला ना भाऊ लवकर, गाड्या सुटतील.” आणखी एक जण पुढे सरकून कोपरानं मला ढकलायला लागला.

तेव्हा मागून आवाज आला. कापसाच्या बाजारात वजन पुकारायचा तो आवाज, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा.

“थांबा ना भो जरासं! तो बोली रायना.”

‘तो बोलतोय’, एवढ्यासाठी सगळे थांबले. ढकलणारा हात मागे गेला. आबा पुढे आले नाहीत. त्यांनी ‘पारोळा’ म्हटलं नाही. त्यांना तो शब्द माहीत होता आणि तो आवाजही होता, पण ते मागे तसेच उभे राहिले. मला त्यांच्याकडे वळून बघायचं धैर्य झालं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. मग ओठ सुटले.

“पारोळा.”

“तीन नंबर,” आतला माणूस म्हणाला आणि पुढच्याकडे वळला.

गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. “धूळ जाई डोयामा, काच लाव,” म्हणाले. मी बाहेरून काच ओढून दिली. मग आतूनच ओठ हलवून काहीतरी सांगत राहिले, जेवणाबद्दल असावं. ऐकू आलं नाही, तरी मी मान हलवली.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात करायचं ठरलं होतं. ते राहून गेलं. त्याआधीच आबा गेले. मी त्यानंतरही पुष्कळ वर्षं धुळ्यात काढली, त्याच कामावर. माझं अडणं गेलं नाही. थोडं कमी झालं असेल.

पण तो दिवस आठवतो तेव्हा गाडी सुटल्यानंतरचंच जास्त आठवतं. स्टँडवरची गर्दी हळूहळू दुसऱ्या गाड्यांकडे पांगली. फलाटावर भुईमुगाच्या शेंगांची टरफलं आणि ऊन पडलं होतं. आत्ताच झालेलं कोणालातरी सांगावं असं फार वाटत होतं, आणि ते ज्याला सांगावं असा एकच माणूस त्या गाडीत बसून गेला होता. मी तीन नंबरच्या फलाटावर तसाच उभा राहिलो, पुढची कोणतीतरी गाडी येऊन लागेपर्यंत.